परदेशातली बचत : कोणत्या चलनात, कोणत्या खात्यात?

परदेशात नोकरी करणाऱ्याच्या हाती वर्ष-दोन वर्षांत थोडी शिल्लक जमते आणि प्रश्न सुरू होतात. हे पैसे तिथल्याच बँकेत ठेवायचे की भारतात पाठवायचे? पाठवलेच तर रुपयात ठेवायचे की डॉलर-पौंडातच राहू द्यायचे? मिळालेल्या व्याजावर कर लागतो का, आणि लागला तर तो कोणत्या सरकारला द्यायचा? न्यू जर्सीतला संगणक अभियंता, लंडनच्या रुग्णालयातली परिचारिका, दुबईत पंधरा वर्षे काढलेला रत्नागिरीकर, पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला स्थायिक झालेले गोव्याचे कुटुंब, या सगळ्यांना हेच विचारायचे असते. उत्तर मात्र प्रत्येकाचे वेगळे येते, कारण प्रत्येकाचा करनिवास वेगळा असतो.

हा विषय मराठी घरांच्या किती जवळचा आहे ते रिझर्व्ह बँकेच्या पाहणीतून दिसते. २०२३-२४ या वर्षात परदेशस्थ भारतीयांनी देशात ११८.७ अब्ज डॉलर पाठवले. राज्यवार वाट्यात महाराष्ट्र २०.५ टक्क्यांसह पहिला होता, केरळ त्याच्या मागोमाग. देशवार पाहिले तर अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के, संयुक्त अरब अमिरातीचा १९.२ आणि ब्रिटनचा १०.८ टक्के. अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या ठेवी मार्च २०२५ अखेर १६५ अब्ज डॉलरच्या आसपास होत्या.

एवढ्या पैशाबाबतचे निर्णय बहुतेक घरांत एकाच आकड्यावर होतात : कोणती बँक किती टक्के देते. माझे स्पष्ट मत आहे की व्याजदर हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे. आपण कर कोणत्या देशात भरतो, पैसा पुढे कोणत्या देशात खर्च होणार, तो केव्हा लागणार आणि बँक बुडाली तर भरपाई किती मिळणार, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच व्याजदराला अर्थ येतो.

भारतातली तीन खाती

परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, माणूस नोकरीसाठी देशाबाहेर गेला की त्याला अनिवासी मानतो. त्यानंतर साधे निवासी बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्यावे लागते. घरभाडे, लाभांश, जुन्या ठेवींचे व्याज अशी भारतात झालेली मिळकत या एनआरओ खात्यात जमा होते. त्यावरच्या व्याजातून ३० टक्के आणि वर अधिभार-उपकर असा कर उगमस्थानीच कापला जातो. या खात्यातून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंतची रक्कम, कर भरल्याची कागदपत्रे देऊन, बाहेर नेता येते.

दुसरे खाते एनआरई. परदेशातून आलेले चलन यात रुपयात रूपांतरित होऊन जमा होते. मुद्दल आणि व्याज दोन्ही केव्हाही बाहेर नेता येते आणि व्याजावर भारतात कर नाही. याची मुदत ठेव किमान एक वर्षाची असते आणि तिचा दर देशांतर्गत ठेवींच्या दरापेक्षा जास्त ठेवता येत नाही. हे रुपयाचे खाते आहे हे विसरून चालत नाही. रुपया घसरला तर ती घसरण खातेदाराला सोसावी लागते.

तिसरे एफसीएनआर. डॉलर, पौंड, युरो अशा चलनात भरलेली रक्कम त्याच चलनात राहते आणि त्याच चलनात परत मिळते. येथे अनेकांची फसगत होते. हे बचत खाते नाही. एक ते पाच वर्षांची मुदत ठेवच यात करता येते. वर्ष पूर्ण होण्याआधी मोडली तर व्याज शून्य. अडीअडचणीला लागणारा पैसा म्हणूनच येथे ठेवू नये. याच्याही व्याजावर भारतात कर नाही.

केव्हाही काढता येईल असे परकीय चलनातले बचत खाते भारताच्या भूमीवर हवे असेल तर गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीतल्या आंतरराष्ट्रीय बँकिंग शाखा हा अलीकडचा मार्ग आहे. तेथे अनिवासींना डॉलरसारख्या चलनात बचत खाते उघडता येते, एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या ठेवीही ठेवता येतात. किमान शिल्लक, शुल्क आणि ठेव विमा यांचे नियम मात्र आधी बँकेकडून लेखी मागून घ्यावेत.

चलनाचा धोका कुणाच्या माथी?

या खात्यांचा इतिहास थोडक्यात पाहिला तर त्यांचे आजचे नियम नीट कळतात. रुपयातले अनिवासी खाते १९७० मध्ये आले. तेलाच्या किमती भडकल्यानंतर परकीय चलनाची चणचण भासू लागली आणि आखातात जाणारे मनुष्यबळ वाढू लागले, तेव्हा १९७५ मध्ये परकीय चलनातली अनिवासी ठेव सुरू झाली. त्या जुन्या योजनेत विनिमय दराची हमी रिझर्व्ह बँकेची होती. रुपया कितीही घसरला तरी ठेवीदाराला आणि बँकेला तोशीस नव्हती.

१९९०-९१ च्या संकटात या व्यवस्थेची दुसरी बाजू उघडी पडली. देशाची गंगाजळी आटत असताना अनिवासींनी ठेवी भराभर काढल्या, संकट आणखी गडद झाले. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा हमीचा बोजा सरकारी तिजोरीवर आला. मे १९९३ मध्ये आजची एफसीएनआर (बी) योजना आली, तिच्यात चलनाचा धोका ठेव घेणाऱ्या बँकेने सांभाळायचा असतो. ऑगस्ट १९९४ मध्ये जुनी योजना बंद झाली.

त्यानंतर देशाला डॉलरची गरज पडली की अनिवासींना साद घातली जाते. पोखरणच्या चाचण्यांनंतर निर्बंध आले, तेव्हा १९९८ मध्ये स्टेट बँकेच्या रिसर्जंट इंडिया बाँडमधून ४.२ अब्ज डॉलर उभे राहिले. २००० मध्ये इंडिया मिलेनियम डिपॉझिटमधून ५.५ अब्ज आले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉलर ६८ रुपयांच्या वर गेला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने बँकांना एफसीएनआरचे डॉलर साडेतीन टक्के ठरीव दराने अदलाबदल करून देण्याची खिडकी उघडली आणि त्या ठेवींतून सुमारे २६ अब्ज डॉलर आले. डिसेंबर २०२४ मध्ये रुपयावर ताण आला तेव्हाही या ठेवींवरची व्याजाची कमाल मर्यादा ३१ मार्च २०२५ पर्यंत वाढवली गेली. ठेवीदाराने यातून एवढेच घ्यावे की एफसीएनआरचा दर कायम सारखा नसतो. रुपयाच्या अडचणीच्या काळात तो चढतो आणि नेमके तेव्हाच परकीय चलनात राहिलेले मुद्दल अधिक मोलाचे असते.

‘करमुक्त’ म्हणजे कोणत्या देशात?

बँकेच्या माहितीपत्रकावर एनआरई आणि एफसीएनआरपुढे ‘करमुक्त’ असे ठळक छापलेले असते. ते खरे आहे, पण भारतापुरते. राहत्या देशाचे सरकार त्या शब्दाला बांधील नाही. या एका गैरसमजातून जेवढे लोक अडचणीत येतात तेवढे दुसऱ्या कशातून येत नसतील.

अमेरिकेपासून सुरुवात करू. तेथे करनिवासी ठरलेल्या माणसाची जगभरातली मिळकत करपात्र असते. एच-१बी व्हिसावर पुरेसे दिवस राहिलेला, ग्रीन कार्डधारक आणि नागरिक हे तिघेही यात येतात. एनआरई आणि एफसीएनआरचे व्याज त्यांना अमेरिकी विवरणपत्रात दाखवावेच लागते. भारतात कर कापलेला नसल्यामुळे वजावटीचे श्रेयही मिळत नाही. एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी मात्र साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे अनिवासी परकीय म्हणून गणला जातो, त्यामुळे त्या काळात भारतातल्या व्याजावर त्याला तेथे कर लागत नाही. नोकरी लागून व्हिसा बदलला की चित्र पालटते आणि बहुतेकांना ते वेळेवर कुणी सांगत नाही.

कराखेरीज माहिती देण्याचे बंधन वेगळे. सगळ्या परदेशी खात्यांतली मिळून शिल्लक वर्षात एकदाही १० हजार डॉलरच्या वर गेली तर एफबार नावाचे विवरण अमेरिकेच्या अर्थखात्याकडे भरावे लागते. १९७० च्या बँक गोपनीयता कायद्यातून आलेले हे बंधन आहे. त्याची मुदत १५ एप्रिल असते आणि ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. कर एक पैसाही निघत नसला तरी ते चुकवता येत नाही. हेतू नसताना झालेल्या चुकीचा दंडसुद्धा मोठा आहे. तो प्रत्येक खात्यामागे धरायचा की प्रत्येक विवरणामागे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ च्या बिटनर खटल्यात विवरणामागे असा निकाल लागला. फॅटका कायद्याखालचे फॉर्म ८९३८ हे आणखी एक विवरण. अमेरिकेत राहणाऱ्या एकट्या करदात्यासाठी त्याची मर्यादा वर्षाअखेर ५० हजार किंवा वर्षात केव्हाही ७५ हजार डॉलर आहे.

आपल्याकडच्या एका रीतीमुळे येथे गुंता होतो. सांगलीत किंवा साताऱ्यात राहणारे आई-वडील सोयीसाठी आपल्या खात्यावर मुलाचे नाव घालतात. मुलाने त्यातला रुपया घेतलेला नसतो, पण त्याला सही करण्याचा अधिकार असला की ते खाते त्याच्या एफबारमध्ये मोजले जाते. ‘बाबांचे पैसे आहेत’ एवढे म्हणून ते टाळता येत नाही.

ब्रिटनमध्ये परदेशातले उत्पन्न देशात आणले नाही तर कर नाही, अशी सवलत कायमचा अधिवास परदेशात असलेल्यांना पिढ्यान्‌पिढ्या होती. ६ एप्रिल २०२५ पासून ती रद्द झाली. आता आधीची दहा वर्षे ब्रिटनचा निवासी नसलेल्या नवागताला पहिली चार वर्षे परदेशी उत्पन्नावर सूट मागता येते, पण ती मागितली की १२,५७० पौंडांची वैयक्तिक करमुक्त मर्यादा सोडावी लागते. थोडे व्याज वाचवण्यासाठी ती मर्यादा घालवणे नोकरदाराला सहसा परवडत नाही. चार वर्षांनंतर, किंवा सूट न मागितल्यास पहिल्या दिवसापासून, एनआरईचे व्याज तेथे करपात्र आहे. मूळ दराने कर भरणाऱ्याला एकूण व्याजापैकी हजार पौंड आणि त्यावरच्या दराने भरणाऱ्याला पाचशे पौंड यांवर कर लागत नाही, एवढा दिलासा आहे. आणखी एक सोय म्हणजे २०१२ पासून व्यक्तीच्या परकीय चलनातल्या बँक खात्यावरचा विनिमय नफा भांडवली नफ्याच्या करातून वगळला आहे. अर्थात त्यातला तोटाही वजा करता येत नाही.

जर्मनीत व्याजावर २५ टक्के आणि त्यावर साडेपाच टक्के एकता अधिभार असतो, वर्षाला माणशी हजार युरोपर्यंत सूट असते. तेथली बँक हा कर परस्पर कापते. भारतातल्या बँकेकडून तो कापला जात नाही, त्यामुळे व्याज स्वतःहून विवरणपत्रात दाखवणे भाग आहे. कॅनडात निवासी झालेल्याला जगभरच्या मिळकतीवर कर आहे आणि परदेशी मालमत्तेची किंमत एक लाख कॅनेडियन डॉलरच्या वर गेली तर वेगळे विवरण भरायचे असते, पहिल्या वर्षाची मात्र त्याला सूट असते.

काही देशांत परिस्थिती याच्या उलट आहे. ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या आणि जोडीदार तेथला कायम रहिवासी नसलेल्या माणसाला परदेशातल्या व्याजावर कर नाही. कायम वास्तव्याचा परवाना मिळाला की तो सुरू होतो. सिंगापुरात व्यक्तीने परदेशातून आणलेल्या उत्पन्नावर कर नाही. जपानमध्ये गेल्या दहा वर्षांपैकी पाच वर्षांपर्यंत राहिलेल्या परदेशी नागरिकाला बाहेरचे उत्पन्न देशात आणले तरच कर लागतो. आखाती देशांत पगारावर आणि व्याजावर वैयक्तिक प्राप्तिकरच नाही.

यातून या आढाव्याचा मुख्य निष्कर्ष निघतो. एफसीएनआरची करमुक्ती ज्यांच्या राहत्या देशात त्या व्याजावर कर नाही त्यांच्याच हातात पडते : आखातातले नोकरदार, सिंगापूरकर, ऑस्ट्रेलियातले तात्पुरते रहिवासी, अमेरिकेतले विद्यार्थी आणि नुकतेच भारतात परतलेले लोक. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, कॅनडा येथल्या पक्क्या करदात्याला एफसीएनआरचा दर तेथल्या बँकेच्या दराशी कर वजा करून ताडावा लागतो आणि मग फरक फारसा उरत नाही.

रुपया की डॉलर : एक हिशेब

समजा, दहा हजार डॉलर आहेत, डॉलर ८५ रुपयांचा आहे, एनआरई ठेव एका वर्षाला ७ टक्के देते आणि डॉलरची एफसीएनआर साडेचार टक्के. हे दर समजण्यापुरते घेतले आहेत. एनआरईमध्ये ८ लाख ५० हजार रुपये वर्षाने ९ लाख ९ हजार ५०० होतात. एफसीएनआरमध्ये १०,४५० डॉलर मिळतात. वर्षाअखेर डॉलर ८५ वरच राहिला तर एनआरईवाल्याच्या हाती १०,७०० डॉलर येतील, तो पुढे राहील. डॉलर ८७ झाला की दोघे बरोबरीत. ८८ झाला तर एनआरईवाल्याला १०,३३५ डॉलरच मिळतील आणि तो मागे पडेल. रुपयातल्या सात टक्क्यांचे डॉलरमध्ये साडेतीन टक्केही राहत नाहीत.

हा माणूस दुबईत असेल तर हिशेब येथेच संपतो. तो अमेरिकेत २४ टक्क्यांच्या टप्प्यात कर भरत असेल तर आणखी एक पायरी आहे. कर सात टक्के व्याजावर लागतो आणि मुद्दलावर झालेला विनिमय तोटा त्या व्याजातून सरळ वजा होत नाही. ८८ च्या भावाने ५९,५०० रुपयांचे व्याज ६७६ डॉलर होते, त्यावर १६२ डॉलर कर. हाती राहतात १०,१७३ डॉलर, म्हणजे पावणेदोन टक्क्यांहूनही कमी कमाई. एफसीएनआरवाल्याला कर भरून १०,३४२ डॉलर उरतात. त्याला विनिमयाचा हिशेब ठेवावा लागत नाही हा फायदा वेगळा.

रुपया घसरण्याची ही भीती अवास्तव नाही. २०११ च्या मध्यावर डॉलर ४५ रुपयांच्या आत होता, २०२४ च्या अखेरीस ८५ च्या वर. सरासरीने वर्षाला पाच टक्क्यांच्या जवळपास वाढ. पण ती दरवर्षी सारखी नव्हती. काही वर्षे रुपया जागचा हलला नाही आणि २०१३ च्या उन्हाळ्यात तो काही महिन्यांत कोसळला. पुढच्या वर्षीचा भाव कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर आपल्या कष्टाचा पैसा लावू नये.

म्हणून चलन निवडताना भाकित बाजूला ठेवावे आणि खर्च पाहावा. पैसा पुण्यात घर घेण्यासाठी किंवा गावाकडच्या आई-वडिलांच्या औषधोपचारासाठी आहे, तर रुपया घसरला तरी खर्च रुपयातच आहे. तेथे एनआरई योग्य. मुलांचे शिक्षण मँचेस्टरला होणार आहे, तर पैसा पौंडातच राहिलेला बरा. अजून काहीच ठरलेले नाही, तर दोन्ही चलनांत वाटून ठेवणे हे शहाणपणाचे आहे. शिवाय चलन एकदा बदलताना आणि पुन्हा उलटे बदलताना बँक दोन्ही वेळा खरेदी-विक्रीच्या भावातला फरक घेते. व्याजातला अर्धा-पाऊण टक्का त्यातच जातो.

राहत्या देशातली परकीय चलन खाती

ब्रिटन, सिंगापूर, अमिराती येथल्या मोठ्या बँका ग्राहकाला डॉलर, युरो, पौंड अशी वेगवेगळ्या चलनांतली खाती देतात. त्यांची सोय मोठी आहे, पण त्यातल्या बऱ्याच खात्यांवर व्याज नसते किंवा नाममात्र असते, कारण ती देवाणघेवाणीसाठी घडवलेली असतात. बचतीसाठी खाते निवडताना चालू व्याज, किमान शिल्लक आणि मासिक शुल्क ही तीन ओळींची तुलना कागदावर मांडावी. किमान शिल्लक भरत नसेल तर शुल्कच व्याज खाऊन टाकते.

दिरहमधारकाला एक जादा सोय आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, सौदी रियाल ३.७५ ला. ही बांधणी टिकून आहे तोवर दिरहमातली बचत व्यवहारात डॉलरमधलीच बचत असते आणि वेगळे डॉलर खाते शोधण्यात तथ्य नाही. कुवेती दिनार मात्र २००७ पासून अनेक चलनांच्या समूहाला जोडलेला आहे.

मोबाइलवरची बहुचलनी खाती लोकप्रिय झाली आहेत आणि पैसे पाठवण्यासाठी ती स्वस्तही पडतात. पण त्यातली सगळी बँका नाहीत. उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये वाइज ही इलेक्ट्रॉनिक पैशाची संस्था आहे. ग्राहकांचा पैसा तिला वेगळा सांभाळून ठेवावा लागतो, पण तिच्यातल्या शिल्लकीला ब्रिटिश ठेव विम्याचे संरक्षण नाही. पैसे पाठवायला अशी सेवा जरूर वापरावी. आयुष्याची पुंजी तेथे साठवू नये.

पैसा सुरक्षित किती?

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा तेथे कोकणातले आणि गोव्यातले हजारो लोक नोकरीत होते. एअर इंडियाच्या विमानांनी सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना मायदेशी आणले. माणसे परतली, पण ज्यांची सगळी कमाई कुवेतच्या बँकांत आणि कुवेती नोटांत होती त्यांच्या हाती काही आले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाकडून पैसे मिळायला अनेकांना वर्षे वाट पाहावी लागली. सगळी बचत पगाराच्याच देशात ठेवू नये, हा धडा त्या पिढीने फार महागात घेतला आहे.

पण भारतात ठेवले म्हणजे सुरक्षित, असेही म्हणता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि मुंबईतल्या ठेवीदारांची जी ससेहोलपट झाली ती महाराष्ट्र विसरलेला नाही. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा १ लाख रुपये होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती ५ लाख झाली आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आली. ही मर्यादा प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेमागे, मुद्दल आणि व्याज धरून आहे.

परदेशस्थ माणसाने ती आपल्या चलनात मोजावी. ५ लाख रुपये म्हणजे सहा हजार डॉलरही नाहीत. अमेरिकेत विम्याची मर्यादा अडीच लाख डॉलर आहे, युरोपीय संघात एक लाख युरो, ब्रिटनमध्ये १ डिसेंबर २०२५ पासून एक लाख २० हजार पौंड. भारतातल्या मोठ्या बँका बुडतील असे मला सुचवायचे नाही. पण दर अर्धा टक्का जास्त म्हणून छोट्या बँकेत आयुष्याची कमाई एकगठ्ठा ठेवताना हा फरक डोळ्यांसमोर हवा.

एनआरओ आणि जादा कापलेला कर

दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार बहुतेकांना ऐकून माहीत असतात, पण वापरले फार थोड्यांनी असतात. एनआरओच्या व्याजावर बँक ३० टक्क्यांहून जास्त कर कापते. अमिरातीबरोबरच्या करारात तोच दर १२.५ टक्के आहे, अमेरिका आणि ब्रिटनबरोबर १५, जर्मनीबरोबर १० टक्के. त्यासाठी राहत्या देशाच्या कर खात्याकडून करनिवासाचा दाखला घेऊन, विहित फॉर्मसह, दरवर्षी बँकेला द्यावा लागतो. तो न देता पूर्ण कर कापू दिला आणि अमेरिकेत सगळ्याचे श्रेय मागितले, तर ते करारातल्या दरापुरतेच मिळते. वरचा पैसा भारतात विवरणपत्र भरून परत मागावा लागतो.

वर्षांचा मेळ हीही अडचण आहे. भारताचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेचे जानेवारी ते डिसेंबर, ब्रिटनचे ६ एप्रिल ते ५ एप्रिल, ऑस्ट्रेलियाचे जुलै ते जून. भारतीय बँकेचे वार्षिक व्याजपत्रक जसेच्या तसे तेथे चालत नाही. महिनावार व्याजाची नोंद ठेवण्याची सवय पहिल्याच वर्षी लावून घ्यावी.

परतताना

परतीच्या काळात नियम सर्वांत जास्त कामाचे असतात आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिलेही जातात. कायमचे राहण्यासाठी माणूस भारतात उतरला की फेमाच्या दृष्टीने तो निवासी होतो. एनआरईच्या व्याजाची करमुक्ती फेमाच्या निवासावर अवलंबून असल्यामुळे ती तेव्हाच संपते. एफसीएनआरची करमुक्ती मात्र प्राप्तिकर कायद्यातल्या निवासावर ठरते. आधीच्या दहापैकी नऊ वर्षे अनिवासी राहिलेला, किंवा आधीच्या सात वर्षांत ७२९ दिवस किंवा त्याहून कमी भारतात राहिलेला माणूस काही काळ ‘निवासी, पण सामान्य निवासी नाही’ या दर्जात असतो. त्या काळात एफसीएनआरचे व्याज करमुक्तच राहते. ठेव मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालू ठेवता येते. म्हणून परतण्याच्या वर्षभर आधी पाच वर्षांची एफसीएनआर ठेव करण्याचा सल्ला जाणकार देतात, आणि तो योग्य आहे.

मुदत संपल्यावर तोच पैसा आरएफसी खात्यात ठेवता येतो. भारतात परतलेल्या माणसासाठी हे खऱ्या अर्थाने परकीय चलनातले बचत खाते आहे. रुपयात बदलण्याची सक्ती नाही, पुन्हा परदेशी जावे लागले तर पैसा तयार असतो. परदेशातली खातीही बंद करावी लागत नाहीत, अनिवासी असताना मिळवलेली मालमत्ता तेथेच ठेवण्याची मुभा फेमा देतो. सामान्य निवासी झाल्यावर मात्र ती प्रत्येक वर्षी विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावी लागतात. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात न दाखवण्याचा दंड १० लाख रुपये आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट आहे. ग्रीन कार्ड किंवा अमेरिकी नागरिकत्व घेऊन परतलेल्यांना तर दोन्ही देशांत विवरणपत्र भरायचे असते.

‘कुणाला कळणार’ हा विचार आता कालबाह्य झाला आहे. भारत आणि अमेरिका यांचा फॅटका करार जुलै २०१५ मध्ये झाला आणि इतर देशांबरोबर खात्यांची माहिती आपोआप देण्याची व्यवस्था भारताने २०१७ पासून सुरू केली. भारतातल्या बँकेची माहिती राहत्या देशाच्या कर खात्यापर्यंत पोहोचते.

निवड कशी करावी?

एवढ्या आढाव्यानंतर माझा कौल असा. सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम राहत्या देशात, तेथल्या चलनात, विमा असलेल्या साध्या बचत खात्यात असावी. भारतात खर्च ठरलेला असेल तेवढाच पैसा एनआरईत, शक्यतो टप्प्याटप्प्याने. आखातात किंवा परदेशी व्याजावर कर नसलेल्या देशात असाल, किंवा दोन-तीन वर्षांत परतणार असाल, तर एफसीएनआर ही चांगली निवड आहे. अमेरिकेत किंवा युरोपात पक्के करदाते असाल तर कर वजा जाता एफसीएनआर स्पष्ट पुढे दिसली तरच पैसा हलवा, नाहीतर तेथल्या विमाधारी ठेवी आणि सरकारी रोखे पुरेसे आहेत. मोठ्या रकमेसाठी दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या सनदी लेखापालाची फी ही वायफळ खर्च नाही.

आणि एक विनंती. यंदाचे विवरणपत्र भरण्याआधी घरातल्या सगळ्या बँक खात्यांची एक यादी करा : खाते कोणत्या देशात, कोणत्या चलनात, कुणाच्या नावाने, सही कुणाची, नामनिर्देशन कुणाचे. जुने निवासी खाते अजून तसेच असेल तर ते याच महिन्यात एनआरओ करून घ्या. ती यादी जोडीदाराला आणि भारतातल्या आई-वडिलांना द्या. अडीनडीला पैसा सापडावा आणि कर खात्याचे पत्र आले तर उत्तर तयार असावे, यासाठी या यादीइतका उपयोगी दुसरा कागद नाही.